दुप्पट करा, तीस मिळवा

(चौथीचा वर्ग, सकाळचे अकरा. मुलं मैदानावर. टेबलावर एकतीस वह्या आणि तीन लाल पेनं. टेबलाभोवती तिघं: चौथीच्या बाई, मुख्याध्यापक, आणि ज्यांना सगळी शाळा मामा म्हणते ते शिपाई.)

हेडसर: ...आणि फॅरनहाइटच्या रकान्यात सरसकट अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. आजी असो, आजोबा असोत, तान्हं बाळ असो. सगळ्यांना तोच आकडा.

बाई: सगळ्यांना?

हेडसर: सगळ्यांना. आपल्या शाळेत भेदभाव नाही.

मामा: साहेब, या पोरानं कुत्र्याचाही ताप काढलाय. "कुत्रा, अडतीस पॉइंट सहा, मोजताना शांत होता." त्याचं उत्तर आलंय एकशे सात. त्यालाही अठ्ठ्याण्णव करू?

हेडसर: करा. लाल पेनानं आधी फुली, मग नवा आकडा, मग "छान". सुवाच्य अक्षरात.

बाई: सर, कुत्र्याचं राहू दे. या वह्यांमध्ये एखाद्याला खरंच ताप असला तर?

हेडसर: नाहीये.

बाई: कशावरून?

हेडसर: काल संध्याकाळी सात वाजता मी लेखी कळवलंय की नाहीये. पालकांच्या ग्रुपवर. "शाळेच्या एकाही विद्यार्थ्यास वा त्याच्या कुटुंबीयास ताप नसून, पालकांनी निर्धास्त राहावे." खाली माझं नाव, हुद्दा, शाळेचा शिक्का. शिक्क्याचा वेगळा फोटो काढून टाकलाय.

मामा: सत्तावीस अंगठे आले त्याला.

हेडसर: बघा. आता मोठे साहेब बारा वाजता चौकशीला येतायत. तासाभरात हे आवरायचंय. त्याआधी एक उजळणी. समजा, मी मोठे साहेब. "काय हो बाई, काल तुमच्या वर्गामुळे दवाखान्यात झुंबड का उडाली?"

बाई: कारण मुलांनी घरच्यांचा ताप मोजला आणि घरटी सगळ्यांना एकशे तीन, एकशे चार निघाला.

हेडसर: चूक. "गैरसमजातून, साहेब." एवढंच म्हणायचं. पुढचा प्रश्न. "हा गैरसमज कसा झाला?"

बाई: खात्यानं मुलांना वाटायला थर्मामीटर पाठवले. त्यात नुसतं सेल्सियस दिसतं. घरोघरी लोकांना ताप कळतो तो फॅरनहाइटमध्ये. म्हणून मी आकडा बदलायला शिकवत होते. नवानं गुणा, पाचानं भागा, बत्तीस मिळवा. तेवढ्यात तुम्ही वर्गात आलात.

हेडसर: मुलं रडत होती म्हणून आलो.

बाई: एक रडत होता. त्याची दाढ दुखत होती.

हेडसर: भागाकारानं दुखत होती. मी त्यांना आनंददायी पद्धत दिली.

मामा: दुप्पट करा, तीस मिळवा, तापमान चुटकीत कळवा! पाण्याच्या टाकीशेजारी, भिंतभर. पेंटरनं थर्मामीटरला मिशा पण काढल्यात.

हेडसर: मामा, त्या सूत्राला विभागाचं प्रशस्तिपत्र आहे.

बाई: सदतीसची दुप्पट चौऱ्याहत्तर. अधिक तीस, एकशे चार. धडधाकट माणसाला एकशे चार ताप, सर!

हेडसर: ते अंदाजे सूत्र आहे. हवेसाठी. मी स्वतः दहावर तपासून पाहिलं होतं. दहाला पन्नास. बिनचूक आलं.

बाई: दहा डिग्रीचं माणूस शवागारात असतं.

हेडसर: हे बघा, मग त्या दिवशी का नाही बोललात? मागच्या बाकावर उभ्या होतात तुम्ही. टाळ्यासुद्धा वाजवल्यात.

बाई: ...वाजवल्या.

हेडसर: का?

बाई: तुम्हाला माहितेय का ते. तीन वर्षं पुरी होतायत माझी. कायम करायचं की नाही, तो शेरा तुमच्या हातात आणि मोठ्या साहेबांच्या.

हेडसर: आणि साहेब तो शेरा आजच लिहिणार आहेत. त्यामुळे "गैरसमजातून, साहेब." म्हणून बघा एकदा.

बाई: गैरसमजातून, साहेब.

हेडसर: किंचित हसून.

मामा: बाई, मनाला लावून घेऊ नका. काल नुसती धमाल होती. तो सलूनवाला आहे ना, त्याच्या बायकोनं त्याला बर्फाच्या टबात बसवला. दोन तास. हा ओरडतोय, मला काही झालेलं नाही, आणि पोरगं बाहेरून मोजतंय, अजून एकशे दोन आहे, बाबा, बसा! आता खरीच सर्दी झालीय त्याला. आणि शिंपीदादांनी थोरल्या भावाला फोन लावला. नऊ वर्षं बोलत नव्हते एकमेकांशी. म्हणाले, आता काही मी राहत नाही, झालं गेलं विसरून जा. दोघं फोनवर हमसून हमसून रडले.

बाई: चांगलं झालं की.

मामा: कसलं चांगलं? आज सकाळी कळलं ताप नाही. पुन्हा बोलणं बंद.

हेडसर: या सगळ्या कहाण्या साहेबांच्या कानावर जाता कामा नयेत. दवाखान्यानं तेवढं शहाणपण दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासून ठणठणीत म्हणून परत पाठवलं.

मामा: सगळ्यांना कुठलं? सत्तर-ऐंशी काखांमध्ये थर्मामीटर घालून त्या वैतागल्या. एकशे चार तापाचे पेशंट रांगेत शेंगा सोलून खात होते. मग त्यांनी दारावर पाटीच लावून टाकली. "शाळेतला ताप इथे बघितला जाणार नाही." सात-साडेसातला. तुमचा मेसेज पडला आणि पाटी लागली.

बाई: आणि त्यानंतर कोणी गेलं असेल तर?

मामा: त्यानंतर दारातूनच परत. वही उघडायची, आकडा बघायचा, हसायचं आणि घरी पाठवायचं. अटेंडंटला तेवढंच काम दिलं होतं.

हेडसर: बोलणं कमी, पेन जास्त. किती झाल्या?

बाई: माझ्या नऊ.

मामा: माझी ही अकरावी. साहेब, इथं जरा अडलंय. या पोरीनं एक रकाना जास्तच आखलाय. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन सांगितले होते ना? हिनं पट्टीनं चौथा जोडलाय. "आज सकाळ." त्याचंही अठ्ठ्याण्णव करू?

हेडसर: करा.

मामा: आणि मूळ आकड्याचं काय? तिथं चाळीस लिहिलंय. चाळीस पॉइंट एक. उत्तर एकशे दहा.

बाई: कुणाची वही?

मामा: आपली खारूताई. पेन्सिलींचे तुकडे साठवते ती.

बाई: इकडे द्या. मामा, द्या म्हणते ना!

हेडसर: फाडू नका, मोजून एकतीस दाखवायच्यात.

बाई: वडील छत्तीस पाच. आई छत्तीस आठ. आजोबा छत्तीस चार. आणि ही स्वतः... काल सकाळी अडतीस दोन. दुपारी एकोणचाळीस चार. संध्याकाळी एकोणचाळीस आठ. आज सकाळी चाळीस एक. सर, हिला ताप आहे. काल ती शाळेत आली नव्हती. आजही नाही.

हेडसर: अहो, चहात बुडवला असेल. काल तिघांनी बुडवला होता. एकानं तर साठवर नेऊन थर्मामीटर बंद पाडला.

बाई: चहा गार होत जातो, सर. हा आकडा चढत गेलाय.

मामा: पट्टीनं आखलेली रेघ पण वाकडी झालीय. एरवी ही पोरगी रेघ चुकली तर पान बदलते.

बाई: मामा, ती घरी आहे, मग वही इथं कशी आली?

मामा: सकाळी तिच्या बापानं आणून दिली. बस चालवतो ना तो, डेपोत जाता जाता फाटकाशी थांबला. म्हणाला, मामा, पोरगी सारखी झोपतेय, पण वही पोचवा म्हणून मागं लागलीय.

बाई: आणि तुम्ही काय म्हणालात?

मामा: हसलो मी. म्हटलं, काही नाही हो, शाळेचा ताप आहे, सुट्टी जाहीर केली की उतरतो. तोही हसला बिचारा. गेला बस घेऊन.

बाई: फोन लावा त्याला.

मामा: ड्युटीवर फोन जमा करतात ते. सहाला सुटेल.

बाई: आई?

मामा: आई लाँड्रीत. नंबर आहे माझ्याकडे, शाळेचे पडदे तिथंच जातात.

हेडसर: थांबा. कोणी फोन लावायचा नाही. आधी विचार करा. तुम्ही विचारलंत, मुलीला ताप आहे का, की याचा अर्थ शाळेला शंका आहे. शाळेला शंका आहे म्हणजे माझा मेसेज चुकीचा. मेसेज चुकीचा म्हणजे...

बाई: मामा, लावा.

मामा: लावला. घ्या.

बाई: हॅलो, चौथीची बाई बोलतेय. हो, हो, मशीनचा आवाज येतोय, बाहेर या जरा... आता ऐकू येतंय. मुलगी कशी आहे?... बरं... नाही, वहीचं काही नाही, वही छान आहे. तिला दवाखान्यात दाखवलंत का?... कधी?... आठ वाजता. मग?... काय म्हणाला तो?... नाही, तुमचं काही चुकलं नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही. घरी कोण आहे आत्ता?... बरं. तुम्ही निघा. निघा तिथून, मी पण पोचते.

हेडसर: काय झालं?

बाई: काल रात्री आठला त्या तिला कडेवर घेऊन गेल्या. नऊ वर्षांच्या मुलीला, कडेवर. अटेंडंटनं वही उघडली. एकशे नऊ पॉइंट सहा वाचून मोठ्यानं म्हणाला, एवढ्यात तर बटाटा शिजतो. सगळी रांग हसली. थर्मामीटर लावलाच नाही. त्या परत आल्या, तुमचा मेसेज वाचला. शिक्का बघितला. म्हणाल्या, शाळेतून लिहून आलंय म्हणून आज कामावर आले, बाई.

हेडसर: घरी कोणी आहे ना?

बाई: आजोबा. त्यांना ऐकू येत नाही.

मामा: बाई, माझी सायकल घ्या. डेपोच्या मागची चाळ, पिवळ्या टाकीखालचं दुसरं दार. ब्रेक फक्त मागचा लागतो.

हेडसर: बाई, साहेब आले आणि वर्गावर बाई नाही? शेरा काय लिहितील, कल्पना आहे? तीन वर्षं पाण्यात! मामांना पाठवा ना. मामा जातील.

बाई: मामांना सूत्र कोणी शिकवलं नव्हतं. मला येत होतं, सर. मी टाळ्या वाजवल्या.

मामा: गेल्या.

हेडसर: दिसतंय मला.

मामा: घंटी पण नाही सायकलला. सांगायचं राहिलं.

हेडसर: ...किती वाजले?

मामा: सव्वाअकरा.

हेडसर: चला. राहिलेल्या वह्या तेवढ्या उरकू. अकरा वह्या राहिल्यात, पाऊण तास भरपूर झाला. पेन घ्या, मामा.

मामा: साहेब, रागवा, पण या हातानं नको आता. हीच वही माझ्या हातात होती. मी आत्ता "छान" लिहिणार होतो तिच्यात.

हेडसर: राहू दे. मी लिहितो. एक तर एक... मामा, हे चाळीस पॉइंट एक म्हणजे खरे किती असतील हो?

मामा: मला काय विचारता? माझी सातवी झालीय.

हेडसर: नवानं गुणायचं म्हणाल्या ना त्या?

मामा: नवानं गुणा, पाचानं भागा, बत्तीस मिळवा. तीन वर्षं दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकतोय.

हेडसर: चाळीस नव्वे तीनशे साठ. वरचं एक दशांश... नऊ दशांश. तीनशे साठ पॉइंट नऊ. पाचानं भागायचं. पाच सत्ते पस्तीस, एक उरला, खाली शून्य... पाच दुणे दहा. बहात्तर. बहात्तर आणि वर थोडं. त्यात बत्तीस.

मामा: एकशे चार.

हेडसर: एकशे चार.

मामा: काल आख्ख्या गल्लीला एवढाच होता, साहेब. एकालाच खरा होता, तर तिला एकशे दहा निघाला. खोट्याला लोकांनी बर्फात बसवलं आणि खऱ्याला हसले.

हेडसर: दवाखान्याचा नंबर द्या.

मामा: भिंतीवर आहे. तुमच्या सूत्राच्या खाली, आग विझवण्याच्या नंबराशेजारी. थांबा, पाठ आहे मला.

हेडसर: हॅलो. नमस्कार. मी शाळेतून... हॅलो? हॅलो!

मामा: ठेवला?

हेडसर: "शाळेतून" म्हटलं आणि ठेवला. पाळण्यातल्या पोराचं ऐकून घेतात आणि मला...

मामा: शाळा म्हणू नका. नुसतं पेशंट आहे म्हणा.

हेडसर: हॅलो, एक पेशंट आहे. मुलगी, वय नऊ, ताप एकशे चार... हो. हो, शाळेतलीच आहे. नाही, नाही, ठेवू नका! ऐका जरा. मी मुख्याध्यापक बोलतोय. हो, तोच, मिशावाला थर्मामीटर आमचाच. हे बघा, हे एकशे चार ते एकशे चार नाहीत. म्हणजे कालचे एकशे चार चुकीचे होते, हे बरोबर आहेत... कोणी मोजले म्हणजे? तिनंच. काल तुमच्याकडे येऊन गेली ती... हो, बटाटा. तीच... मेसेज? हो, मी लिहिला होता... हो, त्यात लिहिलंय की कोणालाही ताप नाही... नाही, तपासून नव्हतं लिहिलं. बाईसाहेब, त्या मेसेजला काही अर्थ नाही. सूत्रालाही नाही. सूत्र माझं आहे, चुकीचं आहे, आणि मी ते एकदाच तपासलं होतं, दहावर. आता गाडी पाठवता का?... पत्ता? मामा, पत्ता!

मामा: डेपोमागची चाळ, पिवळ्या टाकीखाली, दुसरं दार! बाहेर सायकल पडलेली असेल म्हणावं!

हेडसर: ऐकलंत?... हो. धन्यवाद. नाही, तुम्ही माफी नका मागू. आधी निघा.

मामा: येतायत?

हेडसर: डॉक्टरीणबाई स्वतः येतायत. मामा, पाणी आहे का?

मामा: टाकीतलं आहे. आणू?

हेडसर: नको. टाकीकडे जाऊ नका आत्ता. फोन वाजतोय. बाईंचा आहे. स्पीकरवर टाका.

बाई: सर, मी पोचलेय. अंग नुसतं तापलंय. हाक मारली तर डोळे उघडते, पण मला ओळखत नाही. चाळीस पॉइंट सहा आत्ता.

मामा: एवढ्यात वाढला?

बाई: दोन गोधड्या होत्या अंगावर. आजोबांनी घातल्या. त्यांना वाटलं, थंडी वाजतेय. काढल्यात मी. ओलं फडकं फिरवतेय. सर, दवाखान्यात कोणीतरी जाऊन सांगा, माझा फोन घेत नाहीयेत ते, मी शाळेचं नाव घेतलं की...

हेडसर: गाडी निघालीय, बाई. पाच मिनिटांत येईल. मी बोललोय.

बाई: कोणाशी?

हेडसर: डॉक्टरांशी.

बाई: आणि ऐकलं त्यांनी?

हेडसर: खरं सांगितल्यावर ऐकलं.

बाई: ...बरं. आजोबांना काय सांगू? ते सारखं विचारतायत, शाळेतून कशाला आलात, वही पोचली ना. मी ओरडून सांगतेय, त्यांना ऐकू येत नाही.

मामा: मान हलवा नुसती. हो म्हणून.

बाई: गाडी आली वाटतं. थांबा... आल्या. आल्या त्या. मी फोन खाली ठेवते.

हेडसर: चालू ठेवा!

मामा: काय बोलतायत?

हेडसर: काही कळत नाही. गोंधळ आहे... शू.

बाई: सर? ऐकताय?

हेडसर: ऐकतोय.

बाई: नेतायत. डॉक्टर म्हणाल्या, रात्र घरी काढायला नको होती. हातात सुई लावलीय. शुद्धीवर कधी येईल ते सांगत नाहीत, पण अजून वेळ गेलेली नाही म्हणाल्या. आईपण आत्ताच धावत आल्या, साबणाच्याच हातांनी. मी गाडीत जातेय त्यांच्याबरोबर. साहेब आले असतील ना?

हेडसर: तुम्ही जा.

बाई: वर्गात माझी पर्स आहे, तिच्यात राजीनाम्याचा कागद आहे, काल रात्रीच लिहिलाय, तो त्यांना...

हेडसर: तुम्ही जा म्हणतो ना, बाई. फोन ठेवा.

मामा: ठेवला त्यांनी. साहेब, खिडकीतून बघा. मोठ्या साहेबांची गाडी. वीस मिनिटं आधीच.

हेडसर: ऑफिसात बसवा. पंखा लावा. बाईंचं विचारलं तर सांगा, मुख्याध्यापकांनी मुलीच्या घरी पाठवलंय.

मामा: तुम्ही कुठं पाठवलं? तुम्ही तर...

हेडसर: सांगा तसं. आणि लगेच परत या. वह्या इथंच असू देत, फुल्यांसकट. बघायच्या तर बघू देत.

मामा: ...बसवले. भिंतीवरचं वाचून आले येताना. मिशा आवडल्या म्हणाले.

हेडसर: मामा, वह्या एकतीस. चार-पाच जणांची घरं धरली तर दीडशे माणसं. त्यातलं एक आपल्याला कळलं, तेही तिनं रकाना जास्त आखला म्हणून. बाकीच्यांना मी निर्धास्त राहा म्हटलंय. हा माझा फोन घ्या, तुम्ही टाइप करा. ग्रुपवर. लिहा... "सर्व पालकांना कळविण्यात येते की, दिनांक कालच्या संदेशाच्या अनुषंगाने, काही अपरिहार्य कारणास्तव उद्भवलेल्या..."

मामा: साहेब, माझी सातवी झालीय म्हटलं ना.

हेडसर: खोडा ते. लिहा, "कालचा मेसेज चुकीचा आहे."

मामा: चुकीचा आहे. पुढे?

हेडसर: "वह्यांमधले आकडे बघू नका. सूत्र चुकीचं होतं, ते माझं होतं." लिहिलंत?

मामा: माझं होतं. म्हणजे माझं नाही, तुमचं. लिहिलं.

हेडसर: "घरात सगळ्यांच्या अंगाला हात लावून बघा. कोणाचं अंग गरम वाटलं, तर लगेच दवाखान्यात न्या. आता परत पाठवणार नाहीत."

मामा: आणि खाली हुद्दा? शिक्का?

हेडसर: काही नको. पाठवा.

मामा: गेला... वाचतायत. अकरा जणांनी वाचला. चौदा. आज अंगठे येत नाहीयेत, साहेब.

हेडसर: नको यायला.

मामा: एक उत्तर आलंय. सलूनवाल्याची बायको आहे. विचारतेय, हात उलटा लावायचा की सुलटा?

हेडसर: ...तुम्ही कसा लावता?

मामा: उलटा. बायको गेल्यापासून पोरींना मीच लावतो. आधी हात धुऊन पुसून कोरडा करायचा, जरा थांबायचं, मग कपाळावर. लगेच उचलायचा नाही.

हेडसर: मग ते तुम्हीच लिहा, मामा.